मदत हवी आहे: आईबाप ऊसतोडीला गेलेत, मग पोरांच्या फोटोला संमती कोणाची घ्यायची?

नमस्कार मंडळी, नंदुरबारच्या एका छोट्या संस्थेसाठी धडगावकडच्या पाड्यांवर कुपोषणाच्या कामाचे फोटो काढतोय, मानधन नाही. बरेच आईबाप गुजरातेत ऊसतोडीला गेलेत अन् पोरं आजीजवळ. फॉर्म मराठीत, आजीला येते फक्त इथली पावरी बोली, ती अंगठा देऊन मोकळी होते, ते मला अजिबात पटत नाही. अंगणवाडीताईंनी पावरीत समजावलं, मी आजीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, कॅमेऱ्यावर फोटोपण दाखवला, तरी तो पुढे कुठं जाणार हे तिला कळलं असं वाटत नाही.

चेहरा टाळूनपण काढलेत. पोराच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंमीच्या खाली, लाल म्हणजे तीव्र कुपोषणाच्या भागात, अन् बाजूला आजीचा सुरकुतलेला हात. मला हाच फोटो खरा वाटतो, पण देणगीदारांना चेहराच पाहिजे. पाड्याचं नाव अन् फोटोतलं लोकेशन मी काढूनच टाकतो.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितलीय. मग बापाला फोन लावून घेतलेली, रेकॉर्ड केलेली संमती धरायची का? अन् फोटो कुठं कुठं जाईल हे पावरीत समजवायला तुम्ही काय वापरता, चित्रं की ऑडिओ?