मदत हवी आहे : लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेताना आवाज मागे पडतो

नमस्कार मंडळी,

घरातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवायचं काम गणपतीनंतर हातात घेतलं. महिना होत आला, एकही कॅसेट धड पुरी झालेली नाही. माहीतगारांनी कृपया वेळ काढून वाचावं, थोडं लांबलं आहे.

व्हीएचएसच्या चार कॅसेटी आहेत आणि मिनी डीव्हीच्या (कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल कॅसेटी) तीन. सगळ्यात मोलाची ताईच्या लग्नाची, मे 1994, रत्नागिरी. बाबा 1999 साली गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे फक्त या कॅसेटवर आहे. पंगतीत उभे राहून व्याह्यांना जिलबीचा आग्रह करतायत, एवढाच. मार्गशीर्षात आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी तिला हे नीट दिसावं आणि ऐकू यावं यासाठी सगळी खटपट चालली आहे.

व्हीसीआर गावातल्या एका फोटो स्टुडिओवाल्या काकांनी वापरायला दिलाय, हेड (टेप वाचणारा भाग) स्वतः साफ करून. संगणक डेस्कटॉप, विंडोज 10, रॅम 8 जीबी, आत 250 जीबीची एसएसडी आणि बाहेरून लावायची 1 टीबीची हार्ड डिस्क. व्हीसीआरच्या पिवळ्या आणि पांढऱ्या पिना एका साध्या यूएसबी कॅप्चर स्टिकला लावल्यात, ती ऑनलाइन मागवलेली आहे. कॅप्चर (कॅसेट संगणकात घेणं) ओबीएस या प्रोग्रॅममध्ये करते, काटछाट शॉटकटमध्ये.

पहिले चार दिवस आवाजच येत नव्हता. शेवटी सापडलं की विंडोज या स्टिकच्या आवाजाला मायक्रोफोन समजतं, आणि प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद होती. ती चालू केल्याबरोबर आवाज आला. कोणी याच ठिकाणी अडकलं असेल तर आधी तिथे बघा.

आता खरी अडचण. सुरुवातीला सीमांतपूजनात ओठ आणि आवाज बरोबर जुळतात. मंगलाष्टकांपर्यंत येता येता बिघडलेलं असतं. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, सनईवाला सनई तोंडाला लावतो, आणि 'सावधान' त्यानंतर ऐकू येतं. तिथे साधारण दोन सेकंदांचा फरक आहे. पाठवणीपर्यंत तो पाच सेकंद होतो. पंगत या दोन्हींच्या मध्ये येते, त्यामुळे बाबांचे ओठ मिटल्यावर त्यांचं बोलणं ऐकू येतं. ते मला बघवत नाही.

संपादनात आवाज पाच सेकंद पुढे ओढला तर शेवट जुळतो आणि सुरुवात बिघडते. अकरा ठिकाणी कापून प्रत्येक तुकडा वेगळा जुळवला, तरी काही तुकड्यांच्या आतच पुन्हा फरक पडतो. कॅप्चर तीनदा नव्याने केलं. दर वेळी थोडा वेगळा आकडा, पण आवाज कायम मागेच.

दुसरं, कोणी हलकं जरी हललं तरी कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. शालूच्या काठांवर तर फारच. आणि चित्राच्या अगदी तळाला एक फाटकी, थरथरती पट्टी आहे.

तिसरं मिनी डीव्हीचं. भावाचा जुना कॅमेरा चालू आहे. भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून फायरवायरचं (कॅमेरा संगणकाला जोडायचं) कार्ड आणून बसवून दिलं, विंडोज 10 साठीचा त्या कार्डाचा जुना 1394 ड्रायव्हरही टाकला, विनडीव्ही या कॅप्चरच्या प्रोग्रॅममध्ये चित्र छान दिसतं. पण बाहेरच्या डिस्कवर साठवताना दर वेळी एकोणीस-वीस मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबतं. कॅसेट बदलली, केबल बदलली, काही फरक नाही.

आणि चौथी व्हीएचएस, दादाच्या मुंजीची. तिच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. ती अजून व्हीसीआरमध्ये घातलेली नाही. घालू का?

प्रतिसाद

ताई, मुंजीची कॅसेट कृपया घालू नका. ती बुरशी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटींना हमखास धरते. ती चालवली तर बुरशी हेडवर आणि टेपच्या सगळ्या वाटेवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. शिवाय थर एकमेकांना चिकटले असतील तर टेप फाटते. वेगळ्या बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आवाजाबद्दल एक विचारतो. फरक सावकाश, एकसारखा वाढत जातो, की काही ठरावीक जागी एकदम उडी मारतो? आणि फाइल मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडून चित्राची लांबी आणि आवाजाची लांबी वेगवेगळी किती दाखवते ते सांगा.

धागाकर्ती

धन्यवाद दादा. मुंजीची पिशवीत बंद केली.

काल रात्री घड्याळ घेऊन बसले. उड्या आहेत. शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केलाय तिथे, आणि एका जागी टेपला चुणी असावी तिथे. मधल्या सलग भागात फरक वाढत नाही. ओबीएसमधून आलेल्या फाइलवरून काही कळत नव्हतं म्हणून स्टिकबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने एकदा कॅप्चर केलं. त्या फाइलमध्ये चित्र 1 तास 58 मिनिटं 2 सेकंद आणि आवाज 1 तास 58 मिनिटं 7 सेकंद आहे.

प्रतिसाद

मग निदान पक्कं झालं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं) असतात. पाच सेकंद म्हणजे सव्वाशे चौकटी वाटेत गळल्या. चित्र तेवढं आखूड झालं, ते पुढे पळतं, आणि आवाज पुरा आल्यामुळे मागे पडल्यासारखा वाटतो. म्हणून एकच आकडा धरून सरकवून हे कधीच जुळणार नाही. जिथे जिथे चौकटी गळल्या तिथे तिथे ते तुटलेलं आहे.

गळतात का, तर व्हीएचएसच्या टेपवरून येणारा सिग्नल मुळात डळमळीत असतो. टेप ताणली जाते, सैल पडते, आणि प्रत्येक ओळ ठरल्या वेळेवर येत नाही. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा. स्वस्त स्टिकला ते झेपत नाही, विशेषतः शूटिंगच्या जोडांवर. व्यावसायिक लोक मध्ये टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र लावतात. ते महाग आहे आणि सहज मिळत नाही.

पण तुमच्याकडे त्याहून सोयीची वस्तू घरातच आहे, भावाचा मिनी डीव्ही कॅमेरा. त्याच्या मेनूमध्ये 'ए/व्ही टू डीव्ही आउट' असा पर्याय आहे का बघा. सगळ्या मॉडेलमध्ये नसतो. असेल तर व्हीसीआरच्या पिना कॅमेऱ्याच्या ए/व्ही केबलला जोडा, कॅमेरा प्ले मोडवर, आत कॅसेट नको, आणि कॅमेऱ्यातून फायरवायरने संगणकात. कॅमेराच चित्राचं डिजिटल रूपांतर करतो आणि आवाज त्याच प्रवाहात गुंफून पाठवतो. एखादी चौकट गळलीच तरी तिचा आवाजही तिच्याबरोबर जातो, म्हणून दोघं एकमेकांपासून सुटत नाहीत. विनडीव्ही गळलेल्या चौकटींचा आकडाही दाखवतं, त्यावर लक्ष ठेवा.

विसाव्या मिनिटाचं कोडं सोपं आहे. बाहेरची डिस्क एफएटी32 या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. तिच्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जाऊ शकत नाही. डीव्हीचा व्हिडिओ सेकंदाला साडेतीन एमबीच्या थोडा वर जागा खातो, म्हणजे तासाला सुमारे 13 जीबी. 4 जीबी वीस मिनिटांत भरतात. डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा आणि ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करा.

रेघांबद्दल. व्हीएचएस आणि डीव्हीत एक पूर्ण चित्र नसतंच, सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणांची. ती तशीच एकत्र केली की हलणाऱ्या वस्तूला कंगवा दिसतो. आता एक नेमकं विचारतो, ओबीएसमध्ये चित्र 1920 बाय 1080 करून साठवलंत का? तसं केलं असेल तर सम-विषम ओळी एकमेकींत मिसळल्या आणि त्या रेघा आता निघणार नाहीत. 720 बाय 576 या मूळ आकारातच कॅप्चर करायचं आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही. मग हायब्रिड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये क्यूटीजीएमसी हा फिल्टर लावून डीइंटरलेस करायचं, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करायची, सेकंदाला 50 चौकटी. मोठं करायचं असेल तर त्यानंतर. डीव्हीत खालचं फील्ड (अर्धं चित्र) आधी असतं, तो पर्याय चुकला तर माणसं पुढे-मागे झटके खात चालतात. तुमच्या संगणकाला दोन तासांच्या कॅसेटसाठी पूर्ण रात्र, कदाचित जास्तही लागेल. लावून झोपा.

तळाची पट्टी हा दोष नाही. व्हीसीआरचं एक हेड संपून दुसरं सुरू होतं ती जागा. टीव्हीच्या चौकटीखाली ती झाकली जायची. तळाच्या दहा-बारा ओळी काळ्या करून टाका.

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर आहे. एकच भर. चांगली कॅसेटसुद्धा लावण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे करून घ्या. वर्षानुवर्षं एका जागी बसलेली टेप मोकळी होते, ताण सारखा होतो, आणि जोडांवरचे झटके कमी होतात. हेड परत साफ करायची वेळ आली तर कापसाची काडी वापरू नका, तंतू अडकतात. स्टुडिओवाल्या काकांकडूनच करून घ्या.

धागाकर्ती

होय, 1920 बाय 1080 च केलं होतं. मोठं म्हणजे चांगलं असं वाटलं.

कॅमेऱ्याच्या मेनूत तो पर्याय होता! दुसऱ्या पानावर, इतकी वर्षं कोणी उघडलंच नव्हतं. डिस्क एनटीएफएस केली. कॅसेट आधी पूर्ण पुढे-मागे केली. मग रविवारी दुपारी सगळी झोपलेली असताना लग्नाची कॅसेट एका दमात घेतली, साधारण 26 जीबी. विनडीव्हीने गळलेल्या चौकटी 9 दाखवल्या, सगळ्या जोडांवर.

पहिल्यांदा मंगलाष्टका लावून बघितल्या. 'सावधान' आणि अक्षता एकत्र पडल्या. मग पंगत. बाबांचा आवाज त्यांच्या ओठांवर आहे. जिलबीनंतर ते आणखीही काही बोलतात, ते इतक्या दिवसांत मला कळलंच नव्हतं. मागे वळून आईला विचारतात, "तू जेवलीस का?" सनईच्या आवाजात हळू येतं, पण ओठ जुळल्यामुळे ओळखता आलं. आईला अजून दाखवलेलं नाही.

हायब्रिड काल रात्री लावलं होतं, सकाळी निम्मं झालं होतं. जेवढं झालंय त्यात शालूचा काठ स्वच्छ दिसतो.

दोन गोष्टी राहिल्या. सनईचा आवाज थोडा खाली आणून त्या एका वाक्यापुरता बाबांचा आवाज वर आणता येईल का? ऑडॅसिटी हा आवाजावर काम करायचा प्रोग्रॅम उतरवून ठेवलाय. आवाजाचा पोत बदलणार असेल तर मला नको, आहे तसाच राहू दे. आणि बुरशी धरलेली व्हीएचएस हाताने उघडून नीट साफ करणारं रत्नागिरी, कोल्हापूर किंवा पुण्यात कोणी असेल तर कळवा. टपालाने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन.