मदत हवी आहे: तोंडी गुणाकारातला हातचा वर्किंग मेमरीत नेमका राहतो कुठे?

नमस्कार मंडळी,

मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्किंग मेमरीचं (काम करताना लागणारी माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवणारी स्मृती) प्रकरण तिसऱ्यांदा वाचतेय आणि दर वेळी एकाच जागी अडते.

जेवढं कळलंय ते आधी सांगते, चुकलं असेल तर तिथेच धरा. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अल्पकालीन स्मृतीच्या एका डब्याऐवजी तीन भाग मांडले: आवाज धरून ठेवणारा फोनोलॉजिकल लूप, चित्र आणि जागा धरणारा स्केचपॅड, आणि दोघांना कामाला लावणारा सेंट्रल एक्झिक्युटिव्ह. साधारण २ सेकंदांत म्हणून होईल तेवढंच लूपमध्ये टिकतं, म्हणून लांबलचक शब्दांची यादी लवकर निसटते. इथपर्यंत काही अडचण नाही, पाठांतर करताना हे रोज जाणवतं.

मग स्वतःवरच करून पाहिलं. ४७ गुणिले ६. सात सक बेचाळीस, दोन ठेवले, हातचे चार. चार सक चोवीस आणि चार अठ्ठावीस. उत्तर २८२.

गणित कागदावर समोर ठेवून तोंडाने सतत "तर तर तर" म्हणत राहिले, तरी उत्तर येतं, जरा सावकाश. डोळे मिटून केलं की मात्र मुळात ४७ होते की ७४, इथूनच घोळ. हेही समजतं, लूप अडवला गेला. पण गणित समोर असताना "तर तर" ऐवजी "एक-क, दोन-ख, तीन-ग" असं आलटूनपालटून म्हणायला लागले आणि उत्तर आलं २४२. पुन्हा केलं, पुन्हा २४२. पाढे दोन्ही वेळा बरोबर, गेला तो फक्त हातचा!

तोंड तर "तर तर" म्हणतानाही अडकलेलंच होतं. पण आलटूनपालटून म्हणायला लक्षही सतत हलवावं लागतं, म्हणजे या वेळी जास्तीचा भार पडला तो सेंट्रल एक्झिक्युटिव्हवर. आणि नंतरच्या मांडणीत बॅडली म्हणतात की त्याच्याकडे साठवण नाहीच, तो फक्त लक्ष कुठे द्यायचं ते ठरवतो. ज्याच्याकडे ठेवायला जागाच नाही, त्याच्यावर भार पडल्यावर ठेवलेली वस्तू का हरवावी?

बॅडलींनी २००० मध्ये जोडलेल्या एपिसोडिक बफरमध्ये (वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकत्र बांधून थोडा वेळ ठेवणारा चौथा भाग) तो चार होता असं म्हणायचं का? की दुसरे मानसशास्त्रज्ञ कोवान म्हणतात तसं, तो दीर्घकालीन स्मृतीतलाच जागा झालेला भाग, आणि लक्षाच्या झोतात जेमतेम ४ गोष्टी मावतात म्हणून बाहेर पडला? मला कोवान जास्त पटतात, पण दोन्हींतून हेच २४२ निघतं, त्यामुळे निवड कशावरून करायची ते उमगत नाही.

आणखी एक. डाव्या हाताची चार बोटं मिटून ठेवली तर "एक-क, दोन-ख" म्हणतानाही हातचा जात नाही.

या दोन मांडण्यांतून वेगवेगळं उत्तर निघेल असा एखादा प्रयोग कुणी सुचवू शकेल का? घरी करता येण्यासारखा असेल तर लगेच करून इथे लिहीन.