आज्जाच्या हत्यारांना आंबट पाण्यात बुडवू नका राव (जरा तापलोय, समजून घ्या)

दुधाळीचा_रंधा
खंडेनवमी जवळ आली की माळ्यावरची पेटी खाली येते, हे आमच्यात दरवर्षीचं. यंदा मी गावाला गेलेलो तर चुलतभावानं परस्पर पेटी उघडली आणि मला खूश करायला म्हणून रंध्याचं पातं आणि चार पटाश्या व्हिनेगरच्या डब्यात टाकल्या, दोन दिवस. ही पेटी २०१९ च्या पुरात पाण्याखाली होती बरं का, तरी तेव्हा मी चिखल धुऊन रॉकेलनं पुसून ठेवलेली, तांबूसपणा होता पण वरवरचा. आता पातं हातात घेतलं तर राखाडी आणि खरबरीत, मांजराच्या जिभेवरनं बोट फिरवल्यागत. आज्जानं पात्यावर छिन्नीनं 'ग' ठोकलेला, डोळे मिटून अंगठ्याला लागायचा, आता उजेडात तिरकं धरल्यावर कसाबसा दिसतोय.

माझं म्हणणं एवढंच की घरची जुनी हत्यारं भिजवायचीच नाहीत. डिझेल, नारळाचा काथ्या, अगदीच हट्टी डाग असला तर बारीक पॉलिश पेपर, आणि चार संध्याकाळी. लाल भुकटी सुटते तेवढी काढायची आणि खाली जो काळा थर असतोय तो तसाच ठेवायचा, तो लोखंडाला धरून असतोय आणि थोडंफार राखतोय पण. लोकांना सगळं आरशागत का पाहिजे कळत नाही.

उद्यमनगर_टर्नर
वाईट वाटलं भावा, पण व्हिनेगरवर कशाला चिडतोस, चूक दोन दिवसांची आहे. आंबट पाणी गंज खातंय आणि गंज संपला की लोखंड खायला लागतंय, त्याला काय माहीत तुझ्या आज्जाचं पातं कुठनं सुरू होतंय. मी लिंबूसत वापरतो, किराणा दुकानात मिळतंय, लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. तासाभरानं काढायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, बघायचं, लागलं तर परत टाकायचं. झालं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच कोरडं करायचं आणि तेलाचा हात द्यायचा. हे लगेच म्हणजे लगेचच, मधी चहाला गेलास तर येईपर्यंत परत तांबूस झालेलं असतंय.
आणि काथ्यानं वरचं निघतंय रे, खड्ड्यात बसलेला गंज काथ्याला कसा सापडणार? तो तिथं ओल धरून खातच राहतोय.

दुधाळीचा_रंधा
खड्डा कुठं आहे त्यावर आहे ना पण. पात्याच्या वरच्या अर्ध्या भागावर खड्डे असले तर रंध्याला काय फरक पडतोय. धारेकडची पाठ, शेवटचा इंचभर, तेवढी सपाट पाहिजे, कारण खड्डा धारेपर्यंत आला की धारेला दात पडतोय आणि लाकडावर रेघ उठते. माझ्या पात्यावर आधी तिथं एक पण खड्डा नव्हता, आता सगळीकडं आहेत, म्हणून तर जीव जळतोय.

बारा_व्होल्ट
दोघं पण जुन्या काळात आहात. सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर, विषय संपला. प्लास्टिकची बादली, त्यात धुण्याचा सोडा तीन-चार मोठे चमचे, निगेटिव्ह चिमटा हत्याराला, पॉझिटिव्ह एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला, दोघांचा एकमेकाला स्पर्श नको. बुडबुडे सुरू झाले की रात्रभर सोडा, सकाळी काळा चिखल ब्रशनं निघतोय. यात चांगलं लोखंड खाल्लंच जात नाही, खाल्ली जाते ती पट्टी. म्हणजे तुमच्या 'ग'ला धक्का नसता लागला.
दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पट्टी स्टेनलेसची घेऊ नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतंय ते विषारी असतंय. आणि बुडबुडे हायड्रोजनचे असतात, खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी ओढू नका. नव्या ऑटोमॅटिक चार्जरवर बऱ्याचदा होत नाही, त्याला समोर बॅटरी दिसत नाही म्हणून तो चालूच होत नाही, जुना साधा चार्जर बघा.

उद्यमनगर_टर्नर
करवतीला हे करू नका एवढंच सांगतो. कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतंय. पाना, पक्कड, शिकंजा याला बिनधास्त. आणि हो, आमच्या आंबट पाण्याला पण हेच लागू, उगं लपवत नाही.

पुण्यात_अडकलेला
एवढा खटाटोप कशाला? ग्राइंडरला तारेचा ब्रश लावा, दहा मिनिटांत चकाचक. मी वडिलांचा सगळा सेट असाच केला.

दुधाळीचा_रंधा
दादा, त्यातल्या पटाशीला धार लावून एकदा सागवानाच्या गाठीवर चालवून बघा आणि मग सांगा. धारेजवळ ब्रश दाबून धरला की पातळ टोक तापतंय, निळं पडलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजायचं. मग कितीही धार लावा, दोन घावांत बोथट. चकाचक दिसेल की, शोकेसला.

पुण्यात_अडकलेला
निळी झालीये एक 😬 मला वाटलं ते पॉलिश आलं.

गुऱ्हाळ_करवीर
कोल्हापुरात बसून व्हिनेगर विकत आणताय याचंच नवल वाटतंय. काकवी घ्या. एक भाग काकवी, नऊ-दहा भाग पाणी, झाकण सैल ठेवून आठवडा ते पंधरा दिवस विसरून जा. गंज सुटतोय आणि लोखंडाला फारसं काय होत नाही. आमच्याकडं जुन्या इंजनाचे पार्ट असेच साफ केलेत, फक्त ॲल्युमिनियमचं काय असेल तर आधी काढून घ्या, त्याला ते खातंय. वास येतोय हे खरं, आंबतंय ते, परड्यात लांब ठेवा. मळीनं पण होतंय पण ती अशी कुणाला सहज मिळत नाही, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतंय.

कागलची_लेक
भाकरीसंगं खायची काकवी पान्याला घालताय, तुमच्या घरात कुणी काय म्हणत नाही का वो? 😂
मी रानात जाते. माझं खुरपं आणि विळा आत्तापर्यंत कशात भिजवलेला नाही. रोज मातीत घासतंय, सांच्याला पुसून कुडात खोचायचं, गंजायला त्याला सवडच नाही. धाकट्या जावेचं खुरपं नवं आणि भारीतलं, पण दोन महिने पाण्याच्या टाकीजवळ पडलं आणि आता हात लावला की हात लाल. तुमच्या सगळ्यांची हत्यारं वापरात नाहीत हा खरा रोग आहे, तुम्ही औषधावरनं भांडताय.

तोच_चुलतभाऊ
ताई बरोबर बोलल्या. आता मी बोलतो, ज्याला सगळे शिव्या देताय तो मीच.
व्हिनेगर माझी चूक, मान्य, व्हिडिओत 'ओव्हरनाइट' म्हणलेला आणि मी त्यात शनिवार-रविवार घातला. पण आमच्या या रंधेवाल्यानं एक गोष्ट सांगितलेली नाही. पुरापासून पेटी वर्षातनं एकदा खाली येते. साहेब हत्यारांवर पाणी शिंपडणार, ओलं हळदकुंकू लावणार, फूल ठेवणार, नमस्कार, आणि दुसऱ्या दिवशी ते न पुसता तसंच पेटीत. मी उघडली तेव्हा प्रत्येक पटाशीवर कुंकवाच्या टिळ्याएवढा गोल गंज होता. गोल! जिथं टिळा तिथंच. त्यातले दोन नखानं उकरले तर खाली खड्डा. हे व्हिनेगरच्या आधीचं आहे, फोटो काढलेत, घरच्या ग्रुपवर टाकू का?

उद्यमनगर_टर्नर
आता कळलं 🤣 नाद खुळा.

दुधाळीचा_रंधा
टाकू नको. टिळ्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही कधी. आज्जा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सगळं पुसून, तेलाची चिंधी फिरवून कामाला लागायचा, त्यातली पूजा तेवढी मी घेतली.
पण तू खोबरेल लावलंस ते पण चूकच आहे, थंडीत गोठतंय आणि नंतर खवट वास येतोय. शिलाई मशीनचं तेल लावायचं.

तोच_चुलतभाऊ
घरात तेच होतं. मशीनचं तेल आईनं दिलं नाही.

बारा_व्होल्ट
पातं अजून वाचतंय का पण? फोटो टाका पाठीचा.

दुधाळीचा_रंधा
नखानं बघितलं, खड्डे खोल नाहीत, कागदाच्या जाडीएवढे असतील नसतील. पाठ घासून सपाट करायला लागणार. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, १२० नंबरपासनं (जाड) सुरू करून वर ६०० पर्यंत (बारीक), फक्त धारेकडचा इंचभर. 'ग' वरच्या बाजूला आहे, तिथं हात लावणार नाही. डिझेलमध्येच करणार, भिजवणार नाही, या मुद्द्यावर मी हलत नाही.

उद्यमनगर_टर्नर
घासून तू जेवढं लोखंड काढणार तेवढं माझं लिंबूसत महिन्यात खात नाही, पण असू दे. काच सहा एमएमची घे, आरसा नको, दाबलं की लवतोय. लक्ष्मीपुरीत तुकडा स्वस्तात मिळेल.

तोच_चुलतभाऊ
काच मी आणतो. रविवारी सकाळी येतो, दोन पटाश्या मी घासणार, नाही म्हणायचं नाही.

दुधाळीचा_रंधा
ये. मशीनचं तेल मागून आण काकूकडनं.