बारावी कॉमर्सनंतर बी.कॉम. एलएल.बी. एकत्र करावं, की आधी बी.कॉम. आणि मग लॉ?

कृष्णाकाठ
भाची सांगलीत बारावी कॉमर्सला आहे. अकाउंट्स पक्कं आहे, भाषणबाजीत रस नाही, पण कंपनी कायदा आणि टॅक्स याकडे ओढा आहे. सध्या घरात तीन मतं आहेत. एक, पाच वर्षांचा जोडकोर्स. दोन, तीन वर्षं बी.कॉम. आणि नंतर तीन वर्षांची एलएल.बी. तीन, सीए आणि लॉ सोबतच. फी किती, प्लेसमेंट कशी वगैरे आम्ही पाहून घेऊ. मला कळायचंय ते हे की अभ्यासक्रमात खरा फरक कुठे पडतो आणि पोरं कुठे अडकतात. ‘आवडेल ते कर’ असं कृपया कोणी लिहू नये.

कलम_वीस
पहिली गोष्ट नावाची. ‘बी.कॉम. एलएल.बी.’ या नावाचा पाच वर्षांचा कोर्स महाराष्ट्रात सहज सापडत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बी.ए. एलएल.बी. असतं (मुंबई विद्यापीठाचं बी.एल.एस. एलएल.बी. त्याच घरातलं) आणि काही ठिकाणी बी.बी.ए. एलएल.बी., उदाहरणार्थ पुण्यात सिंबायोसिस किंवा मुंबईत एनएमआयएमएस. नेमकं बी.कॉम. एलएल.बी. हवं असेल तर राज्याबाहेर पाहावं लागतं: अहमदाबादचं निरमा, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, चेन्नईचं तमिळनाडू डॉ. आंबेडकर विधि विद्यापीठ.

आता फरक. कायद्याचा भाग सगळीकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी बांधलेला आहे. २० सक्तीचे पेपर, ४ प्रॅक्टिकलचे (ड्राफ्टिंग, व्यावसायिक नीती, लवाद-तडजोड, मूट कोर्ट म्हणजे सरावाचा खोटा खटला) आणि किमान ६ ऐच्छिक. ऑनर्स असेल तर आणखी ८. कंपनी कायदा आणि करकायदा त्या २० मध्येच आहेत. म्हणजे इतिहास-राज्यशास्त्र शिकून बी.ए. एलएल.बी. झालेल्यालाही ते चुकत नाहीत. फरक पडतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या बिगर-कायद्याच्या पेपरांत.

तिथे कोर्सच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि मोजा. कॉर्पोरेट अकाउंटिंग आहे का, कॉस्टिंग आहे का, ऑडिटिंग स्वतंत्र पेपर आहे का. बी.बी.ए.मध्ये बऱ्याचदा मार्केटिंग, एचआर, संस्था-वर्तन यांचंच पारडं जड असतं आणि हिशेब एक-दोन पेपरांत उरकतात. भाचीचा कल तुम्ही सांगताय तसा असेल, तर असल्या बी.बी.ए.पेक्षा चांगल्या लॉ कॉलेजचं बी.ए. एलएल.बी. घेऊन हिशेबाची बाजू बाहेरून भक्कम करणं मला जास्त पटतं.

जोडकोर्सचा सापळा एकच, पण मोठा आहे. बार कौन्सिलच्या नियमानुसार मधूनच एक पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही आणि आधीची पदवी दाखवून मधल्या वर्षात शिरताही येत नाही. तिसऱ्या वर्षी कायद्याचा कंटाळा आला तर हातात बी.कॉम.ही नसतं. मन ठाम असेल तर एक वर्ष वाचतं, नसेल तर तीन जातात.

ताळेबंद
वरचं बरोबर, पण तिसऱ्या पर्यायाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण खरी फसगत तिथेच होते.

सीएच्या १ जुलै २०२३ पासूनच्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) २ वर्षांची आहे. इंटरचे (फाउंडेशन आणि फायनलच्या मधल्या परीक्षेचे) दोन्ही ग्रुप सुटल्यावर ती सुरू होते आणि रजा मिळतात वर्षाला १२. दुसरीकडे लॉला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी आणि आठवड्याला किमान ३० तासांचे वर्ग. दोन सत्रांच्या परीक्षांतच त्या १२ रजा संपतात, बाकी हजेरी कुठून आणणार? बी.कॉम.चं गणित जमतं कारण आपल्याकडची बरीच कॉमर्स कॉलेजं सकाळी लवकर भरून अकरापर्यंत सुटतात आणि फॉर्म ११२ भरून इन्स्टिट्यूटची परवानगी घेता येते. लॉचं तसं नाही. ‘हजेरीचं बघून घेऊ’ असं सांगणारे भेटतील, पण २०२४ मध्ये बार कौन्सिलने लॉ कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरीचं परिपत्रक काढलंय आणि विद्यार्थ्याकडून नोकरी व दुसऱ्या पदवीबद्दलचं प्रतिज्ञापत्रही मागितलंय. खोटं लिहून दिलं तर ते सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) वेळी अंगाशी येतं.

म्हणून सीए खरोखर करायचं असेल तर क्रम असा: बी.कॉम.सोबत फाउंडेशन, मग इंटर, आर्टिकलशिप, फायनल आणि त्यानंतर तीन वर्षांची एलएल.बी. बारावीनंतर सात वर्षं धरा. एखादा ग्रुप राहिला तर आठ. इंटर पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये सरासरी ५० टक्के लागतात. ३९ वर अख्खा ग्रुप जातो, हे ध्यानात ठेवून वेळापत्रक आखा.

सीए नको असेल तर लॉसोबत जमण्यासारखा कोर्स सीएस (कंपनी सेक्रेटरी) आहे. एक्झिक्युटिव्ह टप्प्याचे ७ आणि प्रोफेशनल टप्प्याचे ७ पेपर, त्यात कंपनी कायदा आणि ड्राफ्टिंग लॉच्या अभ्यासाशी थेट जुळतं. २१ महिन्यांचं प्रशिक्षण लॉ झाल्यावर घेता येतं. मागणीही कायद्यानेच तयार केलेली आहे: प्रत्येक लिस्टेड कंपनीला आणि १० कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी ठेवावाच लागतो.

आणि एक गैरसमज. ‘सीए आणि वकील दोन्ही, म्हणजे दोन्ही प्रॅक्टिस’ असं होत नाही. वकिलीची सनद आणि सीएचं किंवा सीएसचं प्रॅक्टिस प्रमाणपत्र एकाच वेळी ठेवता येत नाही, एक निवडावं लागतं. कंपनीत पगारी लॉ ऑफिसर झाली तरी सनद स्थगित करावी लागते.

कृष्णाकाठ
मुद्देसूद लिहिलंत, आभार. मग सीए+लॉ एकाच वेळी हा पर्याय आम्ही फुलीच मारतो. दोन उपप्रश्न: संध्याकाळचं लॉ कॉलेज हा मार्ग आहे का? आणि मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं तर पुढे एलएल.बी.ला चालतं का?

सातबारा
संध्याकाळचे वर्ग: नियमाप्रमाणे लॉचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घ्यायचे असतात. साडेसहाला ऑफिस सुटल्यावर कॉलेज, हा हिशेब कागदावरही बसत नाही.

मुक्त विद्यापीठ: यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. चालतं, पण दहावी आणि बारावी रीतसर ओळीने झालेली हवी. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेतून थेट पदवीला गेलेल्यांची अडचण होते. भाचीला तो प्रश्न नाही. नवीन शैक्षणिक धोरणातलं चौथं ऑनर्सचं वर्षही एलएल.बी.साठी लागत नाही, तीन वर्षांची पदवी पुरते. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०.

प्रवेश परीक्षांचं मात्र आत्ताच बघा. क्लॅट (राष्ट्रीय विधि विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) डिसेंबरात होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधी. १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण वजा. बोर्ड झाल्यावर जागे होणाऱ्यांचं क्लॅटचं ते वर्ष गेलेलं असतं. महाराष्ट्राची लॉ सीईटी नंतर असते आणि तिच्यात उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दोन्हींत कॉमर्सच्या मुलांना फटका बसतो तो चालू घडामोडी आणि इंग्रजी उताऱ्यांत. क्लॅटमध्ये तर जवळजवळ सगळंच उताऱ्यांवर आहे, तेव्हा वाचनाचा वेग हाच अभ्यास.

कागदपत्रांत अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जात वैधता व नॉन-क्रीमीलेअर हे निकालानंतर काढायला धावू नका. वेळेत नसतील तर अर्ज खुल्या गटात जातो आणि सांगलीच्या सेतू केंद्रात जून महिन्यात काय गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको.

कलम_वीस
पोरं कुठे अडकतात ते राहिलंच.

कॉमर्सची मुलं कायद्याचं उत्तर ताळेबंदासारखं लिहितात. आकडा आला की खाली दोन रेघा, विषय संपला. लाभांश घ्या. अकाउंट्समध्ये ती नफा वाटपाची एक नोंद. कंपनी कायद्यात घड्याळ तिथून सुरू होतं: जाहीर झाल्यापासून ५ दिवसांत रक्कम वेगळ्या बँक खात्यात, ३० दिवसांत भागधारकाला, न गेलेली रक्कम पुढच्या ७ दिवसांत ‘अनपेड डिव्हिडंड’ खात्यात आणि ७ वर्षं कुणी मागितली नाही तर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत. ३० दिवस चुकले तर १८ टक्के व्याज आणि जाणूनबुजून चुकवणाऱ्या संचालकाला २ वर्षांपर्यंत कैद. कोणाचं कर्तव्य, कधीपर्यंत, मोडलं तर काय, या तीन प्रश्नांनी प्रत्येक कलम वाचायची सवय लागली की कॉमर्सवाला बाकीच्यांच्या पुढे जातो, कारण त्या नोंदीमागचा पैसा त्याला दिसत असतो.

दुसरं, पुस्तकं. सीनियरची पुस्तकं फुकट मिळतात म्हणून घेऊ नका, सध्या तो तोट्याचा सौदा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५, ज्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन एकच ‘करवर्ष’ आलंय. पण आधीच्या वर्षांचे वाद १९६१ च्या कायद्यानेच चालतात, त्यामुळे करात पुढे जायचं असेल तर जुना कायदाही पूर्ण विसरून चालत नाही. मूळ कायद्यांच्या प्रती इंडिया कोडच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, टीका-टिप्पणीचं पुस्तक तेवढं ताजं घ्या.

तिसरं, इंटर्नशिप. पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे (तीन वर्षांच्याला १२), सलग चारपेक्षा जास्त आठवडे धरत नाहीत आणि त्यात एकदा तरी खालच्या कोर्टातल्या आणि अपिलाच्या वकिलाकडे काम झालेलं हवं. टॅक्स फर्मच्या गारेगार ऑफिसातच सगळे आठवडे काढले आणि शेवटच्या वर्षी कोर्टाचं प्रमाणपत्र शोधत फिरले, असं करू नये. पहिल्याच सुट्टीत सांगलीच्या जिल्हा न्यायालयात चार आठवडे. तिथलं काम मराठीत चालतं, वकीलपत्रापासून नकलेच्या अर्जापर्यंत सगळं हातात येतं.

ताळेबंद
पुस्ती जोडतो. ‘मला फक्त कंपनी आणि टॅक्स’ म्हणणाऱ्यांनी पदवीनंतरच्या अखिल भारतीय बार परीक्षेचं वाटप पाहावं. १०० प्रश्नांत कंपनी कायद्याचे २ आणि कराचे ४. दिवाणी प्रक्रिया १०, फौजदारी प्रक्रिया १०, राज्यघटना १०. पास व्हायला ४५ (अनुसूचित जाती-जमातींना ४०), टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. सनदेची नोंदणी फी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणलीय, वेगळ्या नावाने जास्त मागितले तर पावती मागा.

आणि कराच्या कामातही दिवाणी प्रक्रिया सुटत नाही. आयकर न्यायाधिकरणापर्यंत सीए उभा राहू शकतो. तिथून उच्च न्यायालयात अपील गेलं की वकीलच लागतो, आणि ते अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच दाखल होतं. तो प्रश्न नेमका मांडायला आकडे येऊन भागत नाही.

कृष्णाकाठ
ठरलं. क्लॅट आणि सीईटी दोन्हींचे फॉर्म, बी.ए. एलएल.बी. किंवा हिशेबाचे पेपर भरपूर असलेला जोडकोर्स, आणि सोबत सीएस. अभ्यासक्रमाच्या पीडीएफ भाचीनेच काल रात्री उतरवून घेतल्या. एका कॉलेजच्या बी.बी.ए. एलएल.बी.त अकाउंट्सचा पेपर एकच निघाला, ते यादीतून गेलं.