वैद्यकीय संज्ञांची फोड कशी शिकवावी? मदत हवी आहे

नमस्कार. नाशिकला पंचवटीत मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या काही मुलींची शिकवणी घेते. बहुतेक जणी पेठ-सुरगाण्याकडच्या, मराठी माध्यमातून आलेल्या असून वैद्यकीय संज्ञा अक्षरशः घोकतात. शाळेत संधी-समास शिकलेल्यांना ही घोकंपट्टी करावी लागू नये, म्हणून मी संज्ञा फोडून शिकवू लागले.

उपसर्ग सहज समजतात. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या असल्याने 'अशक्य'मधला 'अ' आणि 'अनादर'मधला 'अन्' तिथेही तसेच वागतात: व्यंजनापूर्वी 'ॲट्रॉफी', स्वरापूर्वी 'ॲनिमिया'. 'परिसर'मधला 'परि' तर 'पेरिकार्डियम', म्हणजे हृदयाभोवतीचे आवरण, यात ओळखीचा निघाल्यावर मुली खूश झाल्या.

अडचण पुढे आहे. जोडणाऱ्या 'ओ'पुढे स्वर आला की तो गळतो, असा नियम मी सांगितला. त्याप्रमाणे 'गॅस्ट्रोस्कोपी'त तो राहतो आणि 'गॅस्ट्रायटिस'मध्ये जातो. मग 'गॅस्ट्रोएंटरायटिस'मध्ये पुढे 'ए' असूनही तो का टिकतो? शिवाय मूत्रपिंड एकच असताना 'नेफ्रायटिस' आणि 'रीनल आर्टरी' अशी दोन मुळे कशासाठी? आणि देवनागरीत टिपणे काढणाऱ्या मुलींच्या वहीत लहान आतड्याचा शेवटचा भागही 'इलियम' आणि कमरेचे हाडही 'इलियम', यावर काय करावे?

प्रतिसाद:

ताई, तुमचा नियम बरोबर आहे, फक्त तो मूळ आणि प्रत्यय यांच्यामधल्या 'ओ'ला लागू होतो. दोन मुळांच्या मधला 'ओ' पुढे स्वर असला तरी सहसा राहतो. 'गॅस्ट्रोएंटरायटिस'मध्ये जठर आणि आतडे ही दोन मुळे असल्याने पहिला 'ओ' टिकला आणि 'एंटर'नंतरचा, 'आयटिस' या प्रत्ययापूर्वीचा, गळला. 'नेफ्र' ग्रीक आहे, 'रीन' लॅटिन. रोगांची आणि शस्त्रक्रियांची नावे बहुधा ग्रीक मुळांवरून, तर शरीररचनेतली बरीच नावे लॅटिनवरून आली. 'न्यूमोनिया' आणि 'पल्मनरी आर्टरी' ही फुप्फुसाची जोडी तशीच आहे.

इलियमचा घोळ देवनागरीत सुटणार नाही, कारण दोन्हींचा उच्चार सारखाच आहे. रोमन स्पेलिंगमध्ये तिसरे अक्षर आतड्यासाठी 'ई' आणि हाडासाठी 'आय' असते, तेव्हा वहीत संज्ञा रोमन लिपीत आणि अर्थ मराठीत लिहायला लावा. त्याच वेळी 'एक्टॉमी' आणि 'ऑस्टॉमी' समोरासमोर मांडा: 'कोलेक्टॉमी'त मोठे आतडे किंवा त्याचा भाग काढून टाकतात, 'कोलोस्टॉमी'त त्याचे तोंड पोटावर उघडतात. वॉर्डात या दोन शब्दांची गल्लत होऊन चालणार नाही.