ठरावातला तिसरा मुद्दा का खोडला?

पेठेतली_कार्यकर्ती

मी चौदा वर्षं एका पक्षाच्या महिला आघाडीत आहे. पक्षाचं नाव घेत नाही, हे कुठल्याही पक्षात घडलं असतं. गेल्या महिन्यात कोल्हापुरात जिल्ह्याची बैठक झाली. त्यात आम्ही ऑनलाइन अश्लीलतेवर ठराव मांडला. मुद्दे तीन. पहिला, अश्लील साइट उघडणाऱ्याचं वय खरंच तपासा, 'मी अठरा वर्षांचा आहे' यावर बोट टेकवलं की दार उघडलं असं नको. दुसरा, एखाद्या बाईचा फोटो तिच्या मर्जीविरुद्ध फिरवला किंवा एआयनं तयार करून फिरवला, तर तो काढायला तिला दारोदार हिंडावं लागू नये. तिसरा, पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असलं काही टाकणाऱ्या पदाधिकाऱ्याला पदावरून काढा आणि उमेदवारी देऊ नका.

पहिले दोन मुद्दे वाचून नेत्यांनी मान डोलावली. "चांगला विषय आहे, दिल्लीला पाठवू." तिसऱ्यावर आले आणि खिशातलं पेन काढून आडवी रेघ मारली. कागद माझ्याकडे सरकवला तेव्हा त्यावर चहाच्या कपाचा गोल उठला होता. "ताई, हे घरातलं आहे, घरातच बघू." आम्ही अकराजणी होतो. सगळ्यांनी ती रेघ बघितली.

तो मुद्दा हवेतून आलेला नाही. पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. मुलगी एकवीस वर्षांची, नोकरी करणारी. भावाच्या लग्नातल्या तिच्या फोटोवरून कुणीतरी एआयनं घाणेरडा फोटो बनवला होता. बाईंनी मोबाईल पदरात गुंडाळून आणलेला. माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तो फोटो ज्या ग्रुपांवर फिरला त्यात आमच्या प्रभागाचा एक ग्रुप होता. मी त्यात नव्हते. बायका असलेला ग्रुप वेगळा आणि फक्त पुरुषांचा वेगळा, हे मला त्या दिवशी कळलं.

दिल्लीला पत्र पाठवण्यात कुणाचं काहीच जात नाही. आपल्या माणसाची उमेदवारी कापण्यात जातं, म्हणून रेघ तिथंच पडली. आता आघाडीतल्या काहीजणी म्हणतात, तिन्ही मुद्द्यांचं पत्रक काढून सरळ पत्रकारांना देऊ. तुम्ही काय म्हणता?

जुना_निष्ठावंत

ताई, तुमच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. त्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण पत्रक काढू नका. निवडणुका तोंडावर आल्यात, बाहेरचे लोक हे पत्रक तुमच्या मुद्द्यासाठी नाही, पक्षाला झोडपायला वापरतील.

आणि तिसरा मुद्दा मोघम आहे. 'असलं काही' म्हणजे काय? फोन कुणाचा, बोट कुणाचं? पोरानं बापाच्या फोनवरून पाठवलं तर? विरोधी गटानं मुद्दाम टाकून स्क्रीनशॉट काढला तर? तीस वर्षांत मी एका निनावी अर्जावर चांगली माणसं बाजूला पडलेली बघितली आहेत. गटबाजीच्या हातात हे नवं हत्यार देऊ नका.

सीमाभागातला

काका, 'घरातलं घरात' म्हटल्यावर काय होतं ते आम्ही शेजारी बसून बघितलंय. फेब्रुवारी २०१२ मध्ये कर्नाटक विधानसभेचं कामकाज चालू असताना मंत्री मोबाईलवर अश्लील क्लिप बघताना टीव्हीच्या कॅमेऱ्यात आले. लक्ष्मण सवदी, सी. सी. पाटील आणि कृष्ण पालेमार या तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. आपण काही गैर केलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सवदी आमच्या अथणीचे. २०१९ मध्ये ते आमदार नसतानाही त्यांना उपमुख्यमंत्री केलं. पाटीलही पुन्हा मंत्री झाले. लोक सात वर्षांत विसरतात, हे प्रत्येक पक्षाच्या नेत्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून माझं मत, पत्रक काढा.

तालमीतला_गडी

ताई, राग मानू नका, पण पहिला मुद्दा लई कच्चा हाय. वय तपासणार कोण? आधार कार्ड त्या साइटवाल्याच्या हातात द्यायचं? आमच्या तालमीतल्या सोळा वर्षाच्या पोराला बंद साइट उघडून देणारं व्हीपीएन चालवायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही एक साइट बंद करा, टेलिग्रामवर धा चॅनेल निघतात. आणि मोठ्या माणसानं आपल्या खोलीत काय बघावं ह्यात पक्षानं कशाला पडायचं?

तिसऱ्याचं म्हणाल तर तुमचं बरोबर हाय. ज्यानं त्या पोरीचा फोटो फिरवला त्याला आमच्यात कुणी शेजारी बसवून घेणार नाही. पण पोरांच्या फोनचा आणि ह्या हरामखोरीचा ठराव एकत्र बांधू नका. दोन्ही येगळं हाय.

आठवी_ब

शिक्षिका आहे, तालुक्याच्या शाळेत. तालमीतल्या भावाला सांगते, वेगळं नाही.

आमच्या वर्गात प्रश्नपेटी आहे, बुटाच्या खोक्याला वरून चीर पाडून केलेली. मुली नाव न घालता चिठ्ठ्या टाकतात. बहुतेक चिठ्ठ्या पाळीबद्दल, पोटदुखीबद्दल असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक निघाली: "बाई, मुलं मोबाईलमध्ये बघतात आणि मग आमच्याकडं बघून हसतात. आम्ही काय केलंय?" वहीचं पान चार घड्या घालून इतकं बारीक केलेलं की उलगडताना फाटलं.

मी ती चिठ्ठी घेऊन मुलांशी बोलले. ओरडले नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं. त्यांना बाई म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नाही, फोननं सांगितलं. त्यातला एक रडायला लागला. त्याला पहिल्यांदा दाखवणारा त्याचा चुलतभाऊ, आणि चुलतभावाला कुठून मिळालं? मोठ्यांच्या ग्रुपवरून. खोलीत बसून बघणारा मोठा माणूस आणि माझा आठवीतला मुलगा यांच्यामध्ये एका फॉरवर्डचं अंतर आहे.

व्हीपीएनचं म्हणाल तर माझ्या मुलांना ते माहीत नाही. त्यांना आयतं मिळतं. ते आयतं मिळणं थांबलं तरी निम्मं काम होईल.

काळा_कोट

कोल्हापुरात वकिली करतो. कायदा नेमका काय आहे ते आधी सांगतो, कारण वर थोडा गोंधळ झाला आहे.

सज्ञान माणसानं खासगीत सज्ञानांचं अश्लील चित्रण बघणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. ते प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे 'फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव नाही. लहान मुलांचं असेल तर कलम ६७ब खाली ते शोधणं आणि उतरवून घेणंही गुन्ह्यात येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याबाबत कडक निकाल दिला आणि 'चाइल्ड पॉर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका, हे शोषण आहे असं म्हणा, असंही सांगितलं.

सरसकट बंदी आपण करून बघितली आहे. ३१ जुलै २०१५ ला केंद्रानं ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि चार-पाच दिवसांत आदेश सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ बंद झाल्या. तरी आठवीतल्या मुलाच्या हातात ते पोचलंच. म्हणून पहिल्या मुद्द्याला माझा विरोध. ओळखपत्रांचा साठा कुठल्या तरी परदेशी कंपनीकडे गोळा होणं हा त्याहून मोठा धोका आहे.

तिसऱ्या मुद्द्याला मात्र पूर्ण पाठिंबा. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं म्हटलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ग्रुपचा ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. फौजदारी कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण मग बघून गप्प बसलेल्या ॲडमिनला जाब विचारणार कोण? ज्यानं त्याला पद दिलं तो पक्षच. ते काम कोर्ट करू शकत नाही.

पेठेतली_कार्यकर्ती

वकीलसाहेब, शेवटचं वाक्य मी बैठकीत वाचून दाखवणार.

काका, शिस्तीबद्दल. ब्रिटनमध्ये क्लेअर पेरी नावाच्या हुजूर पक्षाच्या खासदार होत्या. पक्ष सत्तेत, पंतप्रधान त्यांचेच. २०१० पासून त्या मागे लागल्या की घरच्या इंटरनेटला मुलांसाठी अश्लील साइट अडवणारी गाळणी आधीपासूनच लावलेली हवी. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांच्याच सरकारनं नाही म्हटलं. त्या थांबल्या नाहीत. जुलै २०१३ मध्ये पंतप्रधान कॅमेरून यांनी स्वतः ती घोषणा केली. पक्ष काही बुडाला नाही.

आपल्याकडेही विजिला सत्यानंद या अण्णाद्रमुकच्या बाईंनी राज्यसभेत विषय काढला, तेव्हा जयराम रमेश यांची समिती बसली आणि जानेवारी २०२० मध्ये चाळीस शिफारशी आल्या. विषय काढणारी बाई लागते.

रंकाळ्याकडची

मी बाई आहे आणि मला पहिले दोन्ही मुद्दे सरकारच्या हातात द्यायची भीती वाटते. कुणी तरी हे बोलायला हवं.

क्लेअर पेरींची गोष्ट अर्धी सांगितलीत. त्या गाळण्या लागल्यावर २०१३ च्या शेवटीच उघड झालं की लैंगिक शिक्षणाच्या आणि अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या साइटही त्यात अडकल्या. यंत्राला 'बलात्कार' शब्द दिसतो, तो कोण आणि कशासाठी लिहितंय ते दिसत नाही. आठवी ब च्या बाई, तुमच्या मुलीनं प्रश्नपेटीऐवजी फोनला विचारलं असतं तर तिला उत्तरच मिळालं नसतं.

कोल्हापुरात अश्लीलतेच्या नावानं कायदा आला की पहिला हात कुणाच्या फोनवर पडतो? मी कॉलेजात असताना रंकाळ्यावर मैत्रिणीच्या भावाबरोबर बसले होते, तर चार अनोळखी पोरांनी आमचे फोन मागितले. संस्कृती सांगत होते. त्यातल्या एकानं माझी गॅलरी अंगठ्यानं वर सरकवत नेली. माझ्या आईचे दवाखान्यातले फोटो होते त्यात. दहा वर्षं झाली, तो अंगठा मला अजून दिसतो. असल्यांच्या हातात कायद्याचा कागद नको.

आणि रमेश समितीच्या शिफारशींत तिसऱ्याला मेसेज वाचता येऊ नये म्हणून असलेलं कुलूप तोडून पाठवणारा शोधण्याचीही गोष्ट होती. नवऱ्यापासून लपून मदत मागणाऱ्या बाईचंही तेच कुलूप असतं.

आठवी_ब

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. वय तपासायचंच असेल तर मदतीच्या आणि शिक्षणाच्या साइट वगळून, असं लिहायला हवं. पण 'भीती आहे म्हणून काहीच नको' हे मला पटत नाही. ब्रिटननं २५ जुलै २०२५ पासून वयाची तपासणी सक्तीची केली, न मानणाऱ्या कंपनीला जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. व्हीपीएन वाढले, हेही खरं. तरी कंपनीवर ओझं टाकलंय, मुलीवर नाही. मला एवढंच हवंय.

रंकाळ्याकडची

कंपनीवर टाका, हरकत नाही. मुलीचा फोन तपासायचा अधिकार कुणालाही नको, असं ठरावात स्पष्ट लिहा. मग माझा विरोध पहिल्या मुद्द्यापुरता उरेल. तिसऱ्यावर मी तुमच्या बाजूनं आहे, आधीपासून.

तालमीतला_गडी

त्या पोरीचा फोटो निघाला का शेवटी?

पेठेतली_कार्यकर्ती

जिथं टाकला होता तिथून निघाला. तेव्हाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अशी तक्रार आली की चोवीस तासांत काढायला हवा होता. आम्हाला नऊ दिवस लागले. तीन वेळा अर्ज केला, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर नोंद केली. ग्रुपांवर जो उतरवून घेतला गेला तो कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, कसं सांगणार? तिनं नोकरी सोडली नाही. मी त्याबद्दल तिचे पाय धरीन.

जुना_निष्ठावंत

नऊ दिवस मला माहीत नव्हते.

पत्रकाला माझा विरोध कायम आहे. पण शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि पंधरा दिवसांत सरकारला सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढावं लागलं. त्यांनी आधी रीतसर ठराव केला. तुम्हीही तसंच करा. शुक्रवारच्या बैठकीत विषय मी काढतो. तिसऱ्या मुद्द्यात चौकशी समिती हवी, तिच्यात निम्म्या बायका हव्यात आणि निनावी अर्जावर कारवाई नको. एवढं घातलं तरच. नाहीतर माझा विरोध नोंदवा.

पेठेतली_कार्यकर्ती

समिती घालते, निम्म्या बायकाही. निनावी अर्जाचं मला मान्य नाही, त्या बाई नाव घालून कधीच आल्या नसत्या. तो विरोध इतिवृत्तात नोंदवू, काका, आणि माझंही म्हणणं शेजारी लिहू. मागच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिलंच गेलं नाही. ह्या वेळी वही मी घेऊन येते.