केमो चालू असलेल्या खो-खो पंचांना मैदानावर कधी आणि कसं न्यावं?

अक्कलकोट रोड

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. वडील ७१ वर्षांचे आहेत. आयुष्यभर खो-खो, आधी खेळाडू आणि नंतर पंच. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तो यकृतातही गेलाय. ऑपरेशन होऊन आता केमो चालू आहे. पहिल्या दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिन सलाइनमधून, त्याच दिवसापासून १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी. अशा दोन सायकली झाल्या. आजार मुळातून जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आटोक्यात ठेवायचा म्हणतात. बाबांना हे सगळं माहीत आहे.

त्यांचं एकच चालू असतं, मैदानावर कधी नेता? आई म्हणते, बरं वाटेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल नको. नेमके कोणते दिवस न्यावं, तिथे बसून त्यांना काय करता येईल, चालणं किती आणि थांबायचं केव्हा, हे कुणी नीट सांगेल का? येणारा प्रत्येक जण 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून जातो, पण त्यासाठी घरच्यांनी करायचं काय ते कळत नाही.

सात रस्ता

आई आणि बाबा दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या दिवसांसाठी. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि २१ दिवसांचे तीन भाग पाडा.

पहिले पाच-सहा दिवस. उलटी होऊ नये म्हणून ड्रिपबरोबर बहुतेक ठिकाणी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्यामुळे सुरुवातीला माणूस तरतरीत दिसतो, बोलणं वाढतं, रात्री झोप लागत नाही. औषध उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम गळून जातो, चिडतो, कधी डोळ्यांत पाणी येतं. घरच्यांना वाटतं धीर सुटला. बऱ्याचदा ते स्टेरॉइड उतरल्याचं लक्षण असतं. बाबांना हे आधीच सांगून ठेवा आणि कॅलेंडरवर ते दोन दिवस पेन्सिलीने रंगवा. 'आज चौथा दिवस आहे' एवढं कळलं तरी माणसाला आधार वाटतो.

याच दिवसांत थंडीचा त्रास होतो. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे नसा इतक्या हळव्या होतात की थंड वस्तूला हात लागला तर बोटांत मुंग्या येतात, थंड पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होऊन श्वास अडकल्याची भीती वाटते. आपल्याकडे उन्हात आलेल्याच्या हातात आधी गार सरबत ठेवतात, म्हणून घरात सगळ्यांना सांगा. हे पाच-सहा दिवस फ्रिजचं तर नाहीच, माठातलंही पाणी नको. साधं किंवा किंचित कोमट द्या. घसा आवळला तर बसवून कोमट पाण्याचे छोटे घोट द्या, थोड्या वेळात उतरतं. उतरलं नाही, ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या तर ती ॲलर्जी असू शकते, लगेच दवाखाना.

साधारण सातवा ते चौदावा दिवस. पांढऱ्या पेशी या सुमारास सगळ्यात खाली जातात. मैदान नाही, लग्न नाही, गड्ड्याची जत्रा नाही. इथे आईचं ऐकायचं. घरात थर्मामीटर हवाच, कपाळाला हात लावून चालत नाही. १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. गोळीने ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग पसरत राहतो, आणि अशा वेळी अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं. उपचार बार्शीला किंवा पुण्याला चालू असतील तर रात्री-अपरात्री सोलापुरातल्या कोणत्या दवाखान्यात जायचं ते आजच डॉक्टरांना विचारून ठरवा. केमोची फाइल दाराजवळ ठेवा.

पंधरावा ते एकविसावा दिवस. गोळ्या बंद, पेशी वर येत असतात, तोंडाला चव येते. मैदानाचे दिवस हेच. नेण्याआधी शेवटचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट, बघा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली असतील तर गर्दी नको. प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली असतील तर जोर लावायचा व्यायाम आणि पडायची शक्यता असलेलं काहीही नको. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर चालणंसुद्धा डॉक्टरांना विचारून. सामना या आठवड्यानंतर एक-दोन दिवसांनी असेल तर केमो दोन दिवस पुढे ढकलता येईल का, असंही विचारता येतं. मात्र ते डॉक्टर ठरवणार, तारीख परस्पर बदलायची नाही.

साधी भाकरी

खाण्यापिण्याचं आणि पायांचं थोडक्यात. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, दोन वेळा साधारण १२ तासांच्या अंतराने. रिकाम्या पोटी नाही. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी सध्या बाजूला ठेवा. तोंड आलेलं असतं तेव्हा कडक भाकरीच्या कडांनी आत ओरखडे पडतात, आणि तिखटाने जुलाब वाढतात. मऊ भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या. रोज अंडी, डाळ, पनीर यांपैकी काहीतरी दोनदा तरी पोटात जाऊ द्या, नाहीतर मांड्यांचे स्नायू झरझर उतरतात आणि मग चालणंच बंद होतं. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा शौचाला झालं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, चुरचुरतात, साल निघते. युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोनदा लावा, सैल सुती मोजे आणि रुंद पंजाचे बूट वापरा. सवयीने मैदानात अनवाणी उतरतील, ते होऊ देऊ नका. तळव्याला फोड आला किंवा चालताना दुखायला लागलं तर तेही फोनवर कळवा, त्यावरून डोस कमी करतात.

नववा गडी

काम काय द्यायचं ते मी सांगतो. पंचाला मैदानावर नेऊन नुसतं खुर्चीत बसवलं की तो पाहुणा होतो. त्यांना गुणपत्रिका द्या. वेळाधिकाऱ्याचं किंवा गुणलेखकाचं काम पूर्ण बसून होतं आणि त्याला पंचाचीच नजर लागते. संरक्षकाचा, म्हणजे पळणाऱ्या खेळाडूचा, क्रमांक, तो किती मिनिटं-सेकंदांनी बाद झाला, कुणी बाद केला, कसा केला : साधा स्पर्श, सूर, खांबावरचा सूर की मैदानाबाहेर. तीन-तीनच्या तुकड्या येतात, प्रत्येक तुकडीची वेळ वेगळी लिहायची. सराव सामन्यात हे कुणी नीट लिहीत नाही, त्यामुळे प्रशिक्षकांना खरोखर उपयोग होतो. 'आपली दुसरी तुकडी नेहमी दीड मिनिटात का संपते' हे कागदावर दिसलं की मुलंच काकांकडे विचारायला येतील. माणसाला बरं वाटतं ते अशा विचारण्याने.

सुरुवात फक्त एका पाळीने करा. पाळी ९ मिनिटांची असते, आणि केमोमध्ये लक्ष फार वेळ टिकत नाही. एक पाळी लिहायची, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाणी, मग बाबा म्हणाले तर दुसरी. पहिल्या दिवशी जाणं-येणं धरून तासाभरात घरी. पूर्ण सामन्याला बसवलं तर त्या दिवशी खूश असतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठत नाहीत, मग आई पुन्हा सोडणार नाहीत.

सातव्या ते चौदाव्या दिवसांत सरावाचा व्हिडिओ घरी पाठवायला सांगा. कॅमेरा मधल्या पाटीच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या पट्ट्याच्या, रेषेत, उंचावर, दोन्ही खांब दिसतील असा. एका वेळी एकच पाळी. काका घरी बसून वेळा लिहितील आणि व्हॉइस मेसेजने मुलांना चुका सांगतील. सराव बंद असेल तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो वर्ल्ड कपचे सामने लावून द्या. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारताने घेतली. तिथल्या पाळ्या सात मिनिटांच्या आहेत आणि नियमांत फरक आहे, त्यामुळे पंचाला बोलायला भरपूर सापडतं.

आता चालणं. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे बाहेरून एक फेरी ८६ मीटर. हे माप त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, तेच वापरा. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. तिसऱ्या आठवड्यात मैदानाभोवती दोन फेऱ्या, विश्रांती, पुन्हा दोन. जमलं तर दर दोन दिवसांनी एक फेरी वाढवा. दोन्ही खांबांजवळ एकेक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा, म्हणजे कुठेही दम लागला तरी बसायची जागा वीस-बावीस मीटरच्या आत असते. वेग एवढाच की चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की थांबा. छातीत दुखणं, चक्कर, धडधड, एका पायाला सूज आली तर व्यायाम तिथेच बंद करून डॉक्टर. पायाची सूज हलक्यात घेऊ नका, कॅन्सरमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

चालण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. पाच वेळा, थांबून पुन्हा पाच. पाटीत बसून उठण्याची जी ताकद असते तीच ही, पण आता खरोखर पाटीत बसवायचं नाही.

उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेसात, त्यानंतर नाही. पारा ४२-४३ ला जातो त्या दिवसांत संध्याकाळी सहाला सुद्धा जमीन तापलेली असते. डिसेंबर-जानेवारीत उलट करा, ऊन वर आल्यावर न्या, कारण पहाटेची गार हवा घशाला लागते.

जुना टांगा स्टँड

व्यायामाबद्दल एक भर. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर २०२५ साली 'चॅलेंज' या चाचणीचे निकाल आले. केमो संपल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण कमी होतं. व्यायाम केलाच पाहिजे, जोर लावला पाहिजे.

सात रस्ता

चाचणी खरी आहे, पण ती ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेल्या, आजार इतर अवयवांत न पसरलेल्या रुग्णांवर होती. इथे यकृतात गाठी आहेत आणि केमो चालू आहे. त्यामुळे 'चाललात तर आजार जाईल' असं बाबांना सांगू नका. उद्या स्कॅन वाईट आला तर ते स्वतःला दोष देतील, आपण कमी चाललो म्हणतील. चालण्याने थकवा कमी होतो, झोप सुधारते, पाय चालते राहतात. एवढं कारण पुरेसं आहे आणि ते खरं आहे.

'पॉझिटिव्ह राहा'बद्दलही हेच. बऱ्याच घरांत युवराज सिंगचं उदाहरण देतात. तो तेव्हा तिशीत होता, त्याची गाठ जर्म सेल प्रकारची होती आणि तो प्रकार केमोला फार चांगली दाद देतो. २०१२ मध्येच तो पुन्हा भारताकडून खेळला. तुमच्या बाबांचा आजार वेगळा, वय वेगळं. ती तुलना ऐकली की माणूस हसून मान हलवतो आणि मनात एकटा पडतो.

घरच्यांनी करायचं ते असं. भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या, एका वेळी दोघं, वीस मिनिटं, सर्दी-खोकला असलेला कुणी नको. आल्यावर पहिला प्रश्न आजाराचा नको, खेळाचा विचारा. आणि बाबा स्वतःहून मरणाचं बोलले तर 'असं बोलू नका' म्हणून तोंड बंद करू नका, ऐकून घ्या. पाच मिनिटांत तेच पुन्हा सामन्यावर येतील. जर दोन आठवडे सलग खेळाचाही कंटाळा, झोप नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही असं झालं तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ ही टेलि-मानसची मोफत सेवा आहे.

अक्कलकोट रोड

सगळ्यांचे आभार. कॅलेंडर आजच रंगवलं, परवा पंधरावा दिवस आहे. आईला 'तासाभरात घरी' हे पटलं. एकच अडलंय. बाबा म्हणतात गुणपत्रिका ठीक आहे, पण एक पाळी तरी शिट्टी घेऊन आत उभा राहणार. आणि स्टॉपवॉचचं बटण दाबताना अंगठा बधिर वाटतो म्हणतात.

नववा गडी

आत नको, आणि कारण त्यांनाच सांगा, पंच आहेत, पटेल. पंचाला संरक्षकाबरोबर सरकावं लागतं, मागे जावं लागतं. तळव्याची जाणीव कमी झालेली असली तर मागे टाकलेलं पाऊल कुठे पडलं ते कळत नाही. त्यात कुणी सूर मारला आणि धडक बसली तर या वयात, पेशी कमी असताना, हाड मोडणं म्हणजे केमो थांबणं. मैदानाबाहेर, मधल्या रेषेसमोर, सीमारेषेपासून चार-पाच मीटर मागे खुर्ची ठेवा. पाळी सुरू करण्याची आणि संपवण्याची शिट्टी तिथून त्यांनीच द्यावी. तो मान वेळाधिकाऱ्याचाच आहे.

शिट्टी प्लॅस्टिकची घ्या. धातूची शिट्टी सकाळी गार असते, ओठाला लागली की चटका बसल्यासारखं होतं. ती त्यांची एकट्याची, दुसऱ्याच्या तोंडात नाही, घरी आल्यावर साबणाने धुवायची. तोंडात फोड असतील त्या दिवशी शिट्टीऐवजी झेंडी.

स्टॉपवॉचसाठी मोबाइल वापरा, पडद्यावरचं बटण मोठं असतं. तो गळ्यातल्या दोरीला अडकवा, बधिर बोटांतून सुटून पडतो. पेनावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ किंवा कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा, पकड येते. मात्र अंगठ्याचं पुढच्या ड्रिपच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा. मुंग्या पुढची सायकल येईपर्यंत टिकत असतील, शर्टाचं बटण लावणं अवघड जात असेल तर ते ऑक्सॅलिप्लॅटिनचा डोस कमी करतात किंवा थांबवतात. खेळाडूंना दुखणं लपवायची सवय असते, तेवढं इथे लपवू देऊ नका.

परवा जाण्याआधी प्रशिक्षकांना फोन करून मैदानावर पाणी मारून ठेवायला सांगा, धूळ बसेल. पिशवीत साध्या पाण्याची बाटली, मास्क, थर्मामीटर, टोपी, पाठीला छोटी उशी आणि दोन कोऱ्या गुणपत्रिका. एक ओली झाली किंवा चुकली तर दुसरी हाताशी हवी.